शिरपूरला अडकलेला गिअर

॥ श्री ॥
जळगाव, ता. ६ मे १९९५

ती. अक्का हिस लीलाधरचा नमस्कार.

इकडे सर्व ठीक. आखाजीच्या सणाला मायने घागर भरली, सांजोऱ्या केल्या. तुझ्या वाटच्या डब्यात झाकून ठेवल्या आहेत, कोणाला हात लावू देत नाही.

हे पत्र पोस्टात टाकलेले नाही. भागाबाई कासारीण उद्या शिरपूरला बांगड्या भरायला येते, तिच्या हाती देत आहे. मायच्या गुडघ्यांचे मी फक्त तुला लिहिले होते. पण तुला न्यायला आलो त्या दिवशी मी पायरी चढायच्या आत दाजींनी विचारले, "म्हातारीचे गुडघे काय म्हणतात?" तेव्हाच मी समजलो, तुझी पत्रे आधी कोण फोडते.

आता गाडीचे. आमचे मालक तोताराम आबा मला रोज विचारतात, शिरपूरला गाडीला कोणी हात लावला? त्यांची ही परदेशी गाडी मुंबईच्या लिलावातली, क्लच नसलेली. उभी करताना गिअरचा दांडा 'पी'वर ठेवायचा आणि निघताना ब्रेक दाबल्याशिवाय तो तिथून सुटत नाही. आबांना धुळ्याला कोर्टात सोडले, तेव्हा तेच म्हणाले, "जाय, बहीणला लई ये. मी संध्याकाळपर्यंत आठेच शे." म्हणून मी आलो होतो.

तुझ्या सासूबाई म्हणाल्या, यंदा पाहुणे आहेत, सून आता दिवाळीला येईल. मी तुला विचारले तरी उत्तर त्यांनीच दिले. मी चहा घेतला. अशी गाडी दारात पहिल्यांदा आली म्हणून त्यांनी तुला हळदकुंकू लावायला पाठवले. तू ताट घेऊन गेलीस, आत स्टिअरिंगलाही बोट लावलेस. नंतर मी बसलो, ब्रेक दाबला, तर दांडा हलेना. पुन्हा दाबला. बंद करून चालू केली. तरी तसाच.

मला पहिला संशय दाजींवर आला, कारण आधी ते रेडिओ ऐकायला गाडीत बसले होते. आता पानाची पिचकारी टाकून हसत होते, "आबांच्या गाडीला आमचं गाव आवडलं वाटतं." निंबा मिस्तरी आला, त्याने चारी बाजूंनी पाहिले आणि म्हणाला, "हाई गाडी शे का म्हैस? बठनी ते उठस नही." सगळी गल्ली हसली. तू पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होतीस. म्हणालीस, "गाडी नही हालस ते आजना दिन ऱ्हाई जाय ना भाऊ." मी दांड्यापाशी वाकलेलो होतो. वर न बघताच म्हणालो, आबा वाट पाहत असतील.

शेवटी निंबाने दांड्याजवळचे बारीक झाकण उचकटले, आत पेचकस घालून दाबला आणि दांडा सुटला. ब्रेक दाबला तरी मागचे लाल दिवे लागत नाहीत, सांभाळून जा, असे त्याने बजावले. तू कुरडयांचा डबा सीटवर ठेवलास आणि मी निघालो.

घरी येऊन स्टिअरिंगखालची फ्यूजची पेटी उघडली. ब्रेकच्या दिव्याच्या फ्यूजची जागा रिकामी. फ्यूज जळालेला नव्हता, कोणी तरी उपटून नेला होता. दाजीच, असे धरून मी त्यांना पत्रसुद्धा लिहायला बसलो. एवढ्यात मायने तुझा डबा ताटात ओतला. कुरडयांच्या तळाशी फ्यूज होता. त्यावर कुंकवाचे बोट उमटलेले.

गेल्या दिवाळीला तू माहेरी आलीस तेव्हा मीच ऐट मारत तुला दाखवले होते की हा एवढासा तुकडा काढला तर लाखाची गाडी जागची हलत नाही. तुझ्याशिवाय कोणालाच दाखवले नव्हते.

मग ती सगळी दुपार मी पुन्हा तपासली. तुझ्या डाव्या हातात बांगड्या भरलेल्या होत्या. उजव्यात एकही नव्हती, पदर गुंडाळलेला होता. चहाही तू डाव्या हाताने दिलास. तांब्या देताना पदर सरकला, तेव्हा मी पाहिले होते, अक्का. तळणाचे तेल उडाले असेल, असे मी मनाला सांगितले. पण तेल उडाले तर शिंतोडे उठतात. ते डाग उलथन्याच्या पात्याएवढे होते, सरळ कडांचे, एकाखाली एक.

आबांना मी सांगितले की फ्यूज जळाला होता. त्यांना ते पटलेले नाही. न पटो.

सोमवारी सकाळच्या एसटीने मी, माय आणि सुकदेवमामा येतो. पाहुणे असोत नसोत. तू पिशवी भरू नकोस, त्यांना संशय येईल. नेसत्या साडीनिशी निघ. आम्ही चहा घेणार नाही, पायरीवरच उभे राहू. भागाबाईपुढे दोन्ही हात धर, डाग तिलाही पाहू दे, तिला मी सांगून ठेवले आहे. आणि हे वाचून लगेच चुलीत घाल.

थांब म्हणालीस तेव्हा न थांबलेला
तुझा भाऊ,
लीलाधर