भोपळ्यामुळे राहिलेला चौथा भाग

मी, शलमोन भास्कर उजागरे, वय ७१, राहणार शिरूर, जि. पुणे, निवृत्त प्रेस ऑपरेटर आणि चर्चमध्ये चाळीस वर्षं पायपेटी वाजवणारा, हे मृत्युपत्र कुणाच्याही दबावाशिवाय, डोकं ठिकाणावर असताना लिहीत आहे. डोक्याबद्दल डॉक्टरांचा दाखला जोडला आहे, कारण माझी संगीतरचना ऐकलेल्यांना शंका येते.

१. घर मुलगा नोएल याला. रचनेबद्दल तो म्हणाला होता, "पप्पा, यूट्यूबवर टाका, लोकं पुढं ढकलत बघतील." तरी घर देतो. पोटचा आहे.

२. बँकेतली ठेव आणि माझी पायपेटी मुलगी जेसिका हिला. डावा भाता दमलेला आहे, पाय सावकाश मारावा.

३. सदर रचना हिरव्या वहीत आहे, भाग चार. पहिला जुन्या उपासना-गीताच्या चालीवर आहे. चाल कुणालाच ओळखू आली नाही. दुसरा रांजणगावच्या कंपनीतल्या माझ्या प्रेस मशीनच्या ठोक्यावर, तेरा मात्रांचा. तेराव्या मात्रेला मशीन अडखळायची. तिसऱ्यात तीन मिनिटं काहीच वाजत नाही. चौथा माझी पत्नी दयाबाई हिच्यासाठी.

४. २०१५ च्या हंगाम सणाला, म्हणजे नव्या पिकाच्या अर्पणाला, ही रचना चर्चमध्ये वाजवली. तिसऱ्या भागातली शांतता आली. आमच्यात शांतता म्हणजे मूक प्रार्थना, म्हणून सगळ्यांनी डोळे मिटले. दीड मिनिटाने पाळकसाहेब "आमेन" म्हणाले, मंडळी उठली आणि अर्पणात आलेल्या भाज्यांचा लिलाव सुरू झाला, दरवर्षी होतो तसा. पहिली बोली लाल भोपळ्यावर, सोपानरावांची. हे राहू गावचे, कंपनीत माझ्या शेजारच्या मशीनवर होते, पाहुणे म्हणून आले होते. मी तीन मिनिटं मोजून पुरी केली तेव्हा पेटीवर कुणीतरी दुधी ठेवले होते.

दयाबाई एकटी बाकावर बसून होती.

"झालं का?"

"न्हाई. एक भाग हाय अजून."

"मग बसते मी."

चर्चला कुलूप लावायची वेळ झाली तेव्हा ती उठली. घरी दोनदा म्हणाली, "तेवढं वाजवा की." मी म्हणालो, "सगळी बसतील तवा वाजवीन." रागाने तीन महिने पेटीला हात लावला नाही. फेब्रुवारीत ती गेली. हे माझं चुकलं. ते भोपळ्यावर ढकलता येणार नाही.

५. सोपानरावांना काहीतरी द्यायचं होतं, पण साक्षीदाराला मिळकत देऊ नये असं वकील म्हणाले. माफी मिळकतीत धरत नाहीत, ती देतो. सोपानराव शेजारी बसून म्हणत आहेत, "भोपळा चांगला निघाला व्हता पण." नोंद घेतली.

६. मला दयाबाईच्या शेजारी पुरावं. जेसिकाने पेटी टेम्पोतून कबरस्तानात न्यावी आणि फक्त चौथा भाग वाजवावा. अकरा मिनिटांचा आहे. तो संपेपर्यंत पाळकसाहेबांनी आमेन म्हणू नये, नोएलने मोबाईल बघू नये. बाकीच्यांनी ऊन लागल्यास खुशाल निघावं. ऐकायला दयाबाई आहे. ती बसते म्हणाली होती.

ठिकाण : शिरूर
दिनांक : १८ नोव्हेंबर २०२४

सही : शलमोन भास्कर उजागरे

वरील मजकूर आम्हांला वाचून दाखवला, सही आमच्यासमोर झाली. आम्ही शेवटपर्यंत बसून होतो.

साक्षीदार :
१. सोपानराव टेंगले, राहू, ता. दौंड
२. अनुपमा भोसले, शेजारी, शिरूर