अर्जुनरावांची खोली

॥ श्री ॥

हैदराबाद,
मार्गशीर्ष वद्य ५, शके १८६३

ती. गंगूवन्सं यांच्या चरणी प्रेमाचा नमस्कार.

मी इथं सुखरूप पोचले. पुसेगावी तुम्ही सगळी खुशाल असाल. मामंजींना दिसत नाही, म्हणून त्यांना मागे ठेवूनच निघावं लागलं. त्यांच्या जेवणाखाण्याचं शेजारच्या चंदाबाईंनी पत्करलं आहे, तेव्हा हिंगोलीची काळजी करू नका.

तुमच्या भावाचा ताप अजून उतरत नाही. विषमज्वर आहे, इतक्यात सोडणार नाही म्हणतात. कचेरीच्या कामाला चार दिवस म्हणून आलेला माणूस परक्या गावी खाटेला खिळला. पण मला ओळखलं, हसले, आणि पहिलं काय विचारलं असेल? "एकटीच आलीस? काहून?" म्हटलं, दुसरं होतं कोण यायला?

पुरुषांच्या वॉर्डात बायकांना दुपारपर्यंतच बसू देतात. मग राहायचं कुठं? दवाखान्यासमोर धर्मशाळेची पडवी आहे. रोग्यांच्या बायका तिथं चुली मांडून पडलेल्या असतात. मी जाऊन पाहिलं. सगळं उघड्यावर, येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेखाली. माझं धाडस झालं नाही.

तुम्हीही त्यांना भेटायला एकट्याच येणार म्हणता आणि कुठं उतरू ते विचारता, म्हणून सविस्तर लिहिते. पहिल्या हॉटेलात मालकानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि दर सांगायच्या आधी हसला. तिथून तशीच निघाले. दुसऱ्यात खोलीला कडी होती, पण बाहेरून. असल्या खोलीत माणसं ठेवतात की शेळ्या? तिसरं हे मिळालं. वरच्या मजल्यावर कुटुंबवाल्यांच्या खोल्या, गादी स्वच्छ, मोरी खोलीतच, आणि दाराला आतून जाडजूड लोखंडी कडी. मॅनेजर गुलाबसिंग म्हणून एक म्हातारा आहे, तो जिन्याच्या पायथ्याशीच बसतो. "बाई, नाम बराबर बोले बगैर मैं किसी कू ऊपर नहीं छोडता," असं तो म्हणाला तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. एकट्या बाईनं हॉटेल बघताना असा माणूस आधी बघावा.

आता पुढचं वाचून हसू नका. त्यानं विचारलं, "मालिक का नाम?" मी काय बोलणार! मागे चार पुरुष ताटकळत उभे. उखाणा घेऊ की काय, असं झालं. हळूच म्हटलं, श्रीकृष्णाचे जे सखा, तेच नाव. तो म्हणाला, "सुदामा?" मी नाही म्हटलं. "तो फिर अर्जुन!" मागची माणसं फिदीफिदी हसायला लागली. मी मेल्याहून मेल्यासारखी झाले आणि मान हलवली. झालं! जिन्याजवळच्या पाटीवर माझ्या खोलीच्या आकड्यापुढं खडूनं लिहिलं, अर्जुनराव. येताजाता वाचते आणि मनात हसते. एका नावानं काय बिघडतं?

त्यांना अजून सांगितलेलं नाही. जरा बरं वाटलं की सांगून हसवीन. तुम्ही आलात की तुम्हीच ती पाटी दुरुस्त करवून घ्या. तुम्ही त्यांना अंगाखांद्यावर वाढवलंत, तुम्हाला नाव घ्यायला कुठली आडकाठी? औंढ्याच्या नागनाथाचा अंगारा मात्र आठवणीनं आणा.

तुमची
सौ. प्रेमा


हिंगोली,
पौष वद्य ३

ती. गंगूवन्सं यांस नमस्कार.

वर श्री लिहिलेलं नाही, ते विसरले म्हणून नव्हे. आणि कार्ड न टाकता पाकीट पाठवते आहे, ते तुमच्याकडे दुसऱ्या कुणी वाचू नये म्हणून.

मामंजी बरे आहेत म्हणायचं. जेवायला बसले की शेजारी हात फिरवून दुसरा पाट मांडला आहे का ते चाचपतात. चंदाबाईंची येजा असते. कचेरीतला शिपाई तुमच्या भावाची छत्री आणि जोडे देऊन गेला. जोडे कुठं ठेवावे ते कळेना, म्हणून ते ठेवत तिथंच, दाराशी ठेवले आहेत. थंडी फार पडली आहे. तुमच्या गुडघ्यांना तिळाचं तेल चोळत जा.

हे सगळं मी उगाच लांबवून राहिले आहे.

तेराव्याला तुम्ही आलात. मला पोटाशी धरून सगळ्या बायकांसमोर विचारलंत, "शेवटचं पाणी तूच पाजलंस ना गं माझ्या लेकराला?" मी मान हलवली. तुम्ही तोंडाला पदर लावून म्हणालात, "मग न्हाई मला दुःख. एकटा न्हाई गेला तो."

वन्सं, ते एकटेच गेले.

आदल्या दुपारी ताप उतरल्यासारखा वाटला होता. थोडी पेज घेतली. मला म्हणाले, "आज नीट झोप काढ. डोळे बघ कसे झालेत." मी हॉटेलवर आले, कडी लावली आणि गादीवर पडले. दिवेलागणीला खाली मोठ्यानं बोलणं ऐकू आलं. एक आवाज गुलाबसिंगचा, दुसरा कुणा पुरुषाचा, भांडल्यासारखा. शब्द कळत नव्हते. मला भीती वाटली. मी उठले आणि काय केलं असेल? कडी नीट बसली आहे ना, तेवढं पाहिलं. पाहिलं आणि परत निजले.

तो दवाखान्याचा माणूस होता. त्यांना एकाएकी जास्त झालं, तेव्हा त्यांनीच हॉटेलचा पत्ता सांगून त्याला पिटाळलं होतं. त्यानं खाली विचारलं, उद्धवराव की घरवाली कौन से कमरे में है? गुलाबसिंगनं पाटी पाहिली. ते नाव एकाही खोलीपुढं नव्हतं. "इधर उद्धव-बिद्धव कोई नहीं," म्हणून त्यानं त्याला परत पाठवलं. मला सांगितलं होतं तसाच तो वागला. त्याला मी कशी बोलू?

सकाळी मोसंबी घेऊन गेले, तर खाटेवरची गादी गुंडाळून ठेवलेली. तोच माणूस पुढं आला. "मैं आया था, बाई. वो आखिर तक दरवाजे की तरफ देखते रहे." हे त्यानं सांगितलं नसतं तर बरं झालं असतं, असं मला रोज वाटतं. आणि सांगितलं म्हणून त्याचे उपकारही वाटतात.

मग मागच्या बाजूला नेलं. तिथल्या कारकुनानं मान वर न करता विचारलं, "किसकू लेने आए? नाम?" पुन्हा माझ्यामागे पुरुष उभे होते. मी म्हटलं, उद्धव. उखाण्याशिवाय, नुसतं. त्याला ऐकू गेलं नाही. मी पुन्हा म्हटलं, मोठ्यानं. इतकं सोपं होतं ते.

बायकोनं नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, असं तुम्ही मला लग्नाच्या दुसऱ्या दिवशी न्हाणीपाशी सांगितलं होतं. मी तुम्हाला दोष देत नाही. तुम्हालाही कुणीतरी असंच सांगितलं असेल. मी ते पाळलं, एवढंच.

कचेरीच्या ओळखीतल्या एका गृहस्थांनी मुसीच्या काठी अग्नी दिला. गुलाबसिंग आला होता. लहान पोरासारखा रडला. "बहन, आप अर्जुन कायकू बोले?" असं पुन्हा पुन्हा विचारत होता. लाजले म्हणून, असं कसं सांगायचं? मला माझीच चीड येते. त्या गादीची येते, त्या कडीची येते. समोरच्या पडवीत त्या बायकांबरोबर पडले असते, तर हाकेच्या अंतरावर होते.

मामंजींना मी यातलं काही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगावंसं वाटलं तर सांगा. मग मला या घरात ठेवायचं की शिरड शहापूरला माहेरी धाडायचं, ते तुम्ही दोघं ठरवा. ठरवाल ते मला कबूल आहे. फक्त पुन्हा कधी चारचौघांत मला काही विचारलंत, तर मी तोंडानं बोलेन. मान हलवायची मला आता भीती वाटते.

हॉटेल कसं बघावं ते मागच्या पत्रात मी मोठ्या शहाणपणानं लिहिलं होतं. गादी, मोरी, आतली कडी. एक राहिलं होतं. तुमच्या लेकीसुनांना कधी एकटीनं जायची पाळी आली, तर त्यांना सांगा, मागे कितीही पुरुष उभे असोत, दारातच नवऱ्याचं नाव खणखणीत सांगायचं.

उद्धवची,
प्रेमा