बटण दोन्ही बाजूंना

बाबा, आधी हातानं केलेल्या वस्तू सांगतो, नाहीतर तुम्ही मध्येच विचाराल, "पण तू नेमकं करतोस काय?" इथे जर्मनीत, एर्लांगेनच्या आमच्या स्वयंपाकघरातलं फडताळ, अर्ध्या मिलिमीटरचाही फरक नाही. तुमच्या सुनेच्या पुरणयंत्राची मूठ, बीचच्या लाकडाची. आणि यंदा दोन लोखंडी पेट्या, प्रत्येकीवर एक लाल बटण, एक दिवा, एक भोंगा. डिग्री कशाचीच नाही. इथले इंजिनियर अजून विचारतात, आणि मी अजून सांगतो की बाबांच्या रेडिओ दुरुस्तीच्या टेबलाशी शिकलो.

पेट्यांची गोष्ट तुम्हाला आवडेल. बाल्कनमधले दोन देश कालपर्यंत एका संघात होते, गेल्या वर्षी वेगळे झाले. डोंगरातल्या ज्या घाटात काहीच नव्हतं तिथे आता दोन चौक्या, मध्ये तीनशे मीटर. मोबाईल लागत नाही. चोरटा माल आला, दरड कोसळली, तर एकीनं दुसरीला हाक कशी मारायची? हे काम आमच्या छोट्या कारखान्याकडे आलं आणि मी पहिलं ड्रॉइंग केलं ते असं: बटण एका चौकीत, भोंगा दुसरीत. दोन्हीकडचे अधिकारी टेबलाशी बसले होते. "बटण आमच्याकडे," एक म्हणाला. "का? चोर काय फक्त तुमच्याकडेच येतात?" दुसरा म्हणाला. आणि मी ड्रॉइंगकडे बघतच राहिलो.

कारण त्या क्षणी मी पुन्हा अकरावीत आहे. काकांशी वाटणी झाली आहे, मधल्या दारात विटा भरल्या आहेत, तुम्ही दोघं भाऊ बोलत नाही. तरी तुम्ही म्हणता, भिंतीतून बेलची तार ओढ, अडीअडचणीला हाक मारता आली पाहिजे. मी दोन दिवस खपतो. बटण आपल्या स्वयंपाकघरात, बेल पलीकडे. तुम्ही तार तपासता, मग माझ्याकडे बघता. "शहाण्या, तिकडे साप निघाला तर काकानं काय आरती म्हणायची?" काकू पलीकडे हसते ते विटांमधूनही ऐकू येतं. दिवेलागणीच्या आत दुसरं बटण बसलं. पुढे काकू ते साखर संपली तरी दाबायची.

हे सगळं मी त्या दोन अधिकाऱ्यांना सांगितलं. त्यांतल्या थोरल्यानं टेबलावर हात आपटला. "गेनाऊ! अगदी बरोबर! मी आणि माझा भाऊ वेगळे झालो, कुत्रा मात्र एकच ठेवला. दोन्ही अंगणांत भुंकतो."

"आणि जेवतो कुठे?" दुसऱ्यानं विचारलं.

"भावाकडे. म्हणून तर ठेवला!"

हसता हसता कॉफी ड्रॉइंगवर सांडली. बरंच झालं, नवं काढायचंच होतं. पेट्या बसवायला मी स्वतः गेलो. आधी इकडून दाबलं, मग तिकडून. दोन्ही भोंगे वाजले आणि दोन्हीकडचे शिपाई घाटाच्या मधोमध येऊन एकमेकांना सिगारेट देत उभे राहिले.

एक गोष्ट मात्र तुमच्या सुनेला अजून सांगितलेली नाही. तुम्ही आता नाही, म्हणून हे पत्र तिच्या पुरणयंत्राच्या खोक्यात ठेवतो आहे. ते होळीलाच उघडतं, तेव्हा वाचेल. पेट्या बसवण्याआधी म्युनिकचा एक दलाल येऊन गेला होता. एका पेटीतलं बटण नुसतं दिसायला ठेवा, आत तार जोडू नका, म्हणजे त्या बाजूनं चोरटा माल निघाला तरी हाक जाणार नाही, म्हणाला. मी नाही म्हणालो, पण लगेच नाही, बाबा. दोन दिवस लागले. अठरा हजार युरो देत होता.