कुमूच्या खोलीचं दार

३ जून १९५६

हुकूम आला. मुरारचा हा बंगला वर्षअखेर रिकामा करायचा. येणारच होता! संस्थान गेलं, ह्यांचा रिसाला मोडला, घोडे कुठे गेले देव जाणे. मग पेन्शनीतल्या कॅप्टनला बंगला कशाला?

थाटीपूरच्या अंगाला प्लॉट घेऊन ठेवलाय, त्यावर आता घर बांधायचं. या वयात. बाहेर लूच्या झळा, आत माझे गुडघे. विचारानेच थकले.

५ जून

शिवाजीराव आले होते. ह्यांच्याच रिसाल्यातले, आता ठेकेदारी करतात. म्हणाले, "वहिनीसाहेब, नक्शा काय करायचाय? सगळा माझ्या डोक्यात आहे. समोर दोन खोल्या, मागे दोन, वर दगडी पटिया टाकली की मकान तयार!"

कुमू म्हणाली, "आबा, एक आर्किटेक्ट बघू या ना. ठेकेदाराच्या हाताखालचा नको, स्वतंत्र असलेला."

हे तिच्याकडे न बघताच म्हणाले, "बघा."

चैत्रात देवासहून एक ट्रंक घेऊन आली ती. चार दिवसांसाठी म्हणाली होती. ह्यांनी विचारलं नाही. मी विचारलं — "आई, बस झालं," म्हणाली. मग मीही सोडून दिलं. जावई चांगल्या घरचा, लोकांत मान आहे... काय विचारायचं?

१० जून

आर्किटेक्ट येऊन गेला. भालचंद्र किरकिरे. पस्तिशीचा असेल. दरबारच्या बांधकाम खात्यात होता. संस्थानं विलीन होऊन खाती एक झाली तेव्हा इंदूरला जा म्हणाले, हा गेला नाही. दौलतगंजात कापडाच्या दुकानावर खोली घेऊन स्वतःचं काम करतो.

मला वाटलं, टेप काढील. तर पाणी प्यायला आणि मलाच विचारू लागला! "काकू, दुपारी कुठे बसता? सकाळचं ऊन कुठे हवं? धान्य निवडताना पाय पसरायला जागा लागते का?" मला हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. काय सांगावं सुचेना. म्हटलं, स्वयंपाकघरात वारा हवा.

मग ह्यांना विचारलं, "कॅप्टनसाहेब, घरात माणसं किती?"

"दोन."

कुमू चहाचा ट्रे घेऊन दारात उभी. ट्रे ठेवला, आत गेली. किरकिऱ्यांनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी चहा ओतला.

११ जून

ह्यांना म्हटलं, दोन कशी? म्हणाले, "लेक सासरची असते. येईल तेव्हा पाहुण्यांची खोली आहे."



१७ जून

किरकिरे म्हणाले होते, मला काम देण्याआधी मी बांधलेलं एक घर बघा, मी नसताना. म्हणून कुमूबरोबर त्यांनीच बांधलेल्या शालिनीताईंच्या घरी गेले. ताई म्हणाल्या, "माणूस भांडकुदळ आहे हो! खिडकीवरून माझ्याशी महिनाभर वाद घातला. शेवटी त्याच्या मनासारखी केली. आता दिवसभर त्याच खिडकीत बसते मी."

तिथून टांग्याने दौलतगंज. किरकिऱ्यांच्या अटी सरळ — ठेकेदाराकडून काही घेणार नाही, कामावर स्वतः येणार, त्यांना विचारल्याशिवाय मिस्त्रीनं वीटही हलवायची नाही. मला आवडलं. उठताना हळूच म्हटलं, "माणसं तीन धरा." म्हणाले, "तीनच धरलीत, काकू."

पाणी प्यायला मी खाली दुकानात गेले. कुमू वरच होती. परत आले तर दोघं गप्प झाली. माझ्या मनात नको ते आलं. उन्हानं डोकं चालत नाही हल्ली.

८ जुलै

सगळं फिसकटलं.

नकाशा आला. सुरेख! पूर्वेकडे एक खोली, तिला वऱ्हांड्यात उघडणारं वेगळं दार. हे चष्मा लावून बघत राहिले. "हे दार कशाला?"

"त्या खोलीत राहणाऱ्या माणसाला स्वतंत्रपणे जाता-येता यावं म्हणून."

"माझ्या घरात विचारल्याशिवाय कुणी येत-जात नाही."

शिवाजीराव मध्येच, "चोरी होईल, भाई! बंद करून टाकू, दहा मिनिटांचं काम."

किरकिऱ्यांनी नकाशा गुंडाळला. "मग शिवाजीरावांकडूनच बांधून घ्या, साहेब. बाकी काहीही बदलतो, हे दार बदलणार नाही." नमस्कार करून गेलेसुद्धा!

जेवताना हे म्हणाले, "अक्कड बघा! आजचा पोरगा." कुमू ताटावरून उठली.

९ जुलै

डोकं दुखतंय. कामवालीही आली नाही.

२२ जुलै

शिवाजीरावांनी दोरी लावून प्लॉट आखला. पूर्वेच्या खोलीला एकच दार, तेही बैठकीतून.

१२ ऑगस्ट

दुपारी कुमूच्या केसांना तेल लावत होते. सहज म्हटलं, त्या दारापायी एवढा चांगला माणूस गेला.

"दार मीच मागितलं होतं, आई. तू पाणी प्यायला खाली गेलीस तेव्हा."

मी तेलाची वाटी खाली ठेवली.

"तिकडे मला वरच्या खोलीत ठेवायचे. बाहेरून कडी. ते कचेरीतून येईपर्यंत. कधी रागात असले की आल्यावरही उघडायचे नाहीत. सासूबाई जिन्याकडच्या खिडकीतून ताट सरकवायच्या... मी किरकिऱ्यांना कारण सांगितलं नाही. नुसतं म्हटलं, मला अशी खोली द्या जिला दोन दारं असतील. त्यांनी विचारलंही नाही."

केस माझ्या हातात तसेच. मला रडूही आलं नाही. चार महिने ही माझ्या शेजारी जेवत होती!

"आबांना सांगू नकोस," म्हणाली.

१३ ऑगस्ट

सांगितलं. सगळं सांगितलं. मी एवढं सलग ह्यांच्याशी कधी बोलले असेन, आठवत नाही.

हे उठले, तबेल्याकडे गेले. तबेला रिकामा आहे आठ वर्षं. तिथे संध्याकाळपर्यंत बसून होते.

१४ ऑगस्ट

सकाळी कोट चढवून बाहेर पडले. टांगा नको म्हणाले. मुरारहून दौलतगंज, या वयात, पायी! दुपारी परत आले तेव्हा तोंड लाल झालेलं. सरबत दिलं. पिऊन म्हणाले, "तो रविवारी येतोय."

"काय बोललात?"

"म्हटलं, दार ठेवा. बाकी तुमची मर्जी."

कुमू आत होती. तिनं ऐकलं असावं. भांड्यांचा आवाज थांबला होता.

१४ ऑक्टोबर

दसरा. पाया खणायला सुरुवात झाली. पूर्वी आजच्या दिवशी हे दरबारच्या सवारीत घोड्यावर असायचे, मी गच्चीतून बघायची. आज प्लॉटवर छत्री घेऊन उभे होते. ठेका शिवाजीरावांचाच. त्यांनी विचारलं, पूर्वेला काय? तर हे म्हणाले, "पाहुण्यांची खोली." अजून तेच! कुमूनं माझ्याकडे बघून मान हलवली, राहू दे म्हणून.

किरकिऱ्यांनी एक कोपरा पुन्हा खणायला लावला. शिवाजीराव चिडले, पण खणला.

१ नोव्हेंबर

आजपासून मध्य भारत नाही, मध्य प्रदेश. राजधानी भोपाळ. शेजारच्या मंदाताईंचं बिऱ्हाड निघालंय तिकडे, त्यांच्या साहेबांचं खातंच हललं. रडत होत्या. उद्या दिवाळी, आणि अर्ध्या गल्लीत बांधलेली बोचकी. मला कुणाचं काही वाटेनासं झालंय. फराळही थोडकाच केला.

५ नोव्हेंबर

देवासहून कुमूचे दीर आले, तिला न्यायला. म्हणाले, "सणासुदीला सून माहेरी, बरं दिसत नाही. झालं-गेलं विसरायचं."

मी आत दाराआड उभी. वाटलं, हे आता मला ट्रंक भरायला सांगणार. मराठ्यांचं घर, चार लोक काय म्हणतील — आयुष्यभर तेच ऐकलंय ह्यांच्याकडून.

हे म्हणाले, "चहा घ्या." त्यांनी घेतला. मग हे म्हणाले, "तुमच्या गाडीची वेळ होईल."

"आणि वहिनी?"

"ती येणार नाही."

आवाज चढवला नाही. दीर गेल्यावर किती तरी वेळ खुर्चीतच बसून होते. मी शाल आणून दिली.

१९ नोव्हेंबर

आज हे कुमूला घेऊन वकिलाकडे गेले. नव्या कायद्यानं नवऱ्यापासून वेगळं होण्याचा अर्ज करता येतो म्हणे. आमच्या सात पिढ्यांत कुणी केलं नाही. कुमूनं मागितलं नव्हतं, मीही नाही. ह्यांनीच सकाळी विचारलं, "करायचा का, बेटा?" आणि ती हो म्हणाली.

दोघं उशिरा आली. भूक लागली होती दोघांना. पोटभर जेवली.