आप्पांनी तपासलेली गोष्ट

पार्सिपनी, न्यू जर्सी
संक्रांत, १९८६

तीर्थस्वरूप मालिनीआत्यास,

विनयचा साष्टांग नमस्कार, आणि तिळगूळ इथूनच. तुझा गुडघा आता कसा आहे? जिना चढू नका असं डॉक्टरांनी बजावल्यावर तू लगोलग गच्चीवर गहू वाळत घालायला गेलीस, हे आईकडून कळलं. आम्ही तिघं खुशाल आहोत. दारातलं बर्फ मी रोज फावड्याने उपसतो आणि ते रोज नव्याने पडतं, त्यामुळे माझी प्रकृतीही ठणठणीत आहे.

आता मुद्द्याचं. (मुद्दा शेवटी येईल, पण तू वाचत राहा.) आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकात मी आपल्या घरावर एक गोष्ट लिहिली आणि तो अंक भारतात येणाऱ्या एका बाईंबरोबर तुला पाठवला. आप्पांच्या हाती लागू देऊ नकोस, असं सोबत कळवलंही होतं. तू तो इतका जपून ठेवलास की महिन्याभरात अख्ख्या सांगलीत आणि गिरगावात दिगंबरकाकाकडे वाचून झाला, आणि शेवटी आप्पांच्या टेबलावर जाऊन पडला. वास्तविक कुणाला ओळख पटू नये म्हणून मी काय कमी खटपट केली होती? सांगलीचं सातारा केलं, आप्पांचं अण्णा केलं, छापखान्याची पिठाची गिरणी केली. पण हा गिरणीवाला अण्णा दळण बाजूला ठेवून गिऱ्हाइकांच्या डब्यांवरच्या नावातल्या चुका सुधारायला लागला, तेव्हा तू म्हणे पहिल्याच पानावर ओळखलंस.

गंमत अशी की, जे खरं होतं ते इथे कुणाला पटेना. स्वतःच्या लग्नाच्या पत्रिका वाटून झाल्यावर त्यात चूक सापडली, म्हणून आप्पा पेन घेऊन घरोघर ती दुरुस्त करत फिरले, हे तुम्ही सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं. आमचा संपादक शैलेंद्र म्हणाला, “यार विनय, हे टू मच होतंय. कोणी बिलीव्ह नाही करणार. कट करू.” कट केलं. आणि जे मी साफ बनवलं होतं, ते मात्र तुम्हा मंडळींना भराभर आठवू लागलं.

म्हणजे तो विमानतळाचा प्रसंग. शहात्तरच्या ऑगस्टमध्ये मी निघालो तेव्हा आप्पा पोचवायला आले नाहीत. ‘लग्नपत्रिकांचं काम आलंय’ म्हणाले आणि मशीन सुरू केलं. छापखान्याच्या पाटीवर ‘आणि चिरंजीव’ रंगवून तयार होतं आणि चिरंजीव अमेरिकेला निघाले होते. त्यांचा राग मला समजत होता. पण आत्या, समजलं म्हणून लागायचं थोडंच थांबतं? नऊ वर्षं ते माझ्या मनातून गेलं नाही. म्हणून गोष्टीत मी त्यांना आणलं. सांताक्रूझला खांबाआड छत्री घेऊन उभं केलं, मुलगा दिसेनासा होईपर्यंत. गोष्टीत का होईना, त्यांनी यावं असं वाटलं.

झालं! दिगंबरकाकाचं पत्र आलं की त्या खांबापाशी आपणच आप्पांना चहा पाजला. तू लिहिलंस की तुला ते पाठमोरे दिसले होते, पण रडू आवरत नव्हतं म्हणून हाक मारली नाहीस. (आत्या, तू तेव्हा माझ्या बॅगेत लोणच्याची आणखी एक बरणी कोंबत होतीस.) आमच्या कांचनने तिच्या आईकडून, उत्तराकडून, गोष्ट ऐकून विचारलं, “बाबा, डिड आजोबा रिअली कम?” मी म्हटलं, अगं, गोष्ट आहे ती. “सो ही डिडन्ट,” म्हणाली आणि खेळायला गेली. उत्तराने तर वेगळीच चूक काढली. “ऐन श्रावणात हे अण्णा कुणाच्या लग्नाचं दळण काढून बसलेत?” मी ठणकावून सांगितलं की दळणाऐवजी पत्रिका म्हण, पण सबंध गोष्टीत तेवढंच तर शब्दशः खरं आहे!

गेल्या रविवारी सांगलीला फोन लावला. एरवी आप्पा ‘बरे आहात ना? आईला देतो’ यापुढे जात नाहीत. या वेळी म्हणाले, “पेन घे.” आणि त्यांनी गोष्ट तपासली, आत्या! प्रुफं तपासतात तशी, ओळीमागून ओळ. ऱ्हस्व-दीर्घ झालं, स्वल्पविराम झाले, गिरणीचा पट्टा मी उलटा फिरवला होता तो सुलटा झाला. मी मुकाट्याने लिहून घेत होतो. मग त्याच आवाजात म्हणाले, “खांब खोड. वरची गॅलरी कर. खांबाआडून विमान दिसत नाही.”

मी सवयीने ‘खांब’ खोडला.

“छत्रीही खोड. ती एस्टीतच राहिली होती. आणि दिगंबरचा चहा कुठून आला? तो खाली तुमच्यात होता. बाकी बरं लिहिलंयस. आईला देतो.”

आई तिकडून हॅलो हॅलो करत होती. शेवटी उत्तराने रिसीव्हर घेतला. मी फार रडलो, आत्या. भर श्रावणात लग्नपत्रिका छापणारा छापखाना मला नऊ वर्षांत एकदाही खटकला नाही, आणि म्हणे मी लेखक!

गच्चीवर जाऊ नकोस. सर्वांना यथायोग्य.

तुझा,
विनय

ता. क. – पत्राचं खरं कारण असं की, आई-आप्पांना येत्या उन्हाळ्यात इथे आणायचं आहे. आई तयार आहे. आप्पा म्हणतात, छापखाना कोण बघणार? तू त्यांची थोरली बहीण, तुझ्यापुढे त्यांचं काही चालत नाही. मी रडलो ते सांगू नकोस. (म्हणजे तू सांगशीलच.) एवढंच सांग की आमच्या मंडळाच्या अंकात पानोपानी चुका असतात आणि इथे प्रुफं तपासायला कुणी नाही. चुका खरोखरच आहेत.

ता. क. २ – केनेडी विमानतळावर गॅलरी असली तरी मी वर जाणार नाही. खाली, दाराशी, सगळ्यांच्या पुढे उभा असेन. हे मात्र त्यांना नक्की सांग.