कापसाच्या ढिगाआड

माय, तुझ्याबद्दलची एक गोष्ट उद्या दुपारी मला एका परक्या बाईला सांगायची आहे, आणि सकाळपासून माझा जीव थाऱ्यावर नाही. कपाट आवरायला काढलं ते अर्धंच पडलंय. डाळ भिजत घातली, आता कशासाठी घातली ते आठवत नाही. शाळेला सुट्टी आहे, तुझे जावई नेपानगरला कामावर गेलेत आणि बुऱ्हाणपूरच्या लोधीपुऱ्यातल्या या दोन खोल्यांत मी नुसती येरझारा घालते आहे. लिहायचं मॅडमनीच सुचवलं. "माँ को एक चिट्ठी लिखिए, भेजनी थोड़े ही है." मी म्हटलं, माझ्या मायला अक्षरओळख नव्हती आणि तिला जाऊनही जमाना झाला. त्या म्हणाल्या, "फिर तो और भी आराम से लिखिए." आराम कसला, दोन ओळी लिहून मी तीनदा उठले.

मॅडम म्हणजे मनाचा इलाज करणाऱ्या बाई. गोळी देत नाहीत, अंगारा देत नाहीत, विचारतात आणि ऐकतात. त्या इंदूरला असतात. मी इथे दर गुरुवारी साखरेच्या डब्याला फोन टेकवून, त्यांचा चेहरा दिसेल असा, उभा करते आणि दार लावून घेते. तू असतीस तर कपाळाला हात लावला असतास. "रडायले पैसे देते का वं?" म्हणाली असतीस. तर गोष्ट अशी, की जिनिंगला, तू कामाला जायचीस त्या कापसाच्या कारखान्याला, आग लागली तेव्हा मी आत कापसाच्या ढिगाआड होते, हे मी त्यांना कधीच सांगितलंय. तिथं तुम्हाला कुणी बसवलं, असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी म्हटलं, कुणी नाही, मीच खेळत खेळत गेले होते. खोटं बोलले. तेव्हापासून आमची गाडी तिथेच अडली आहे. मॅडमना काहीतरी कळलंय, पण त्या टोकत नाहीत. गेल्या गुरुवारी एवढंच म्हणाल्या की जो भाग सांगायला सगळ्यात जड जातो, तो पुढच्या बैठकीत, म्हणजे उद्या, सांगून बघा.

मी त्यांच्यापर्यंत पोचले कशी, तेही तुला ठाऊक नाही. मी फोपनारच्या शाळेत शिकवते. उन्हाळ्याच्या तोंडाशी तिथे शेतकरी केळीचा वाळलेला पाला बांधावर ओढून पेटवतात. एके दिवशी वारा शाळेकडे वळला आणि वर्गात धूर आला. मुलं खिडक्या लावायला धावली. पुढचं मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच की मी कपाट आणि भिंत यांच्या मधल्या सांदीत उकिडवी बसले आहे, पदर तोंडात कोंबलेला आहे, आणि अख्खा वर्ग मला हाका मारतो आहे. "मॅडम, ओ मॅडम." मला ऐकू येतंय, पण मी ओ देत नाही. शेवटी हेडमास्तर आले, हाताला धरून त्यांनी मला उठवलं, पाणी दिलं आणि म्हणाले, "बीपी लो हुआ होगा." माझं वय काय, हुद्दा काय, आणि मी मुलांसमोर कपाटामागे. त्या आठवड्यात मला मरून जावंसं वाटलं, माय. हे मी अगदी साधं लिहिते आहे, पण तेव्हा ते साधं नव्हतं.

मग फिरणं सुरू झालं. एका डॉक्टरांनी गॅस सांगितला, दुसऱ्यांनी झोपेची गोळी दिली, ती घेऊन मी दिवसाही पेंगायला लागले. नणंदेनं तिच्या ओळखीच्या भगताकडे नेलं. त्यानं मोरपीस फिरवलं आणि बाहेरची बाधा सांगितली. तुझे जावई म्हणाले, "एवढं काय मनाला लावून घेतेस, माझ्याशी बोल, मी फुकटात ऐकतो." आणि बोलायला बसले तर बातम्यांचा आवाज वाढवला. वाईट माणूस नाही, पण तुझा हा जावई ऐकणाऱ्यातला नाही. शेवटी तुझ्या नातीनं इंदूरच्या तिच्या कॉलेजात चौकशी केली आणि मॅडमचा नंबर पाठवला. पहिल्या दिवशी मी फोन लावला आणि त्यांनी हॅलो म्हणताच ठेवून दिला. त्यांनी उलट फोन केला नाही. नंतर सांगितलं की केला नाही तो मुद्दाम, तुम्हालाच परत लावायचा होता. मी पुन्हा लावला तेव्हा मधे बरेच गुरुवार होऊन गेले होते.

आता त्या दिवसाचं. तू कवडी निवडायचीस, म्हणजे डागी, किडका कापूस चांगल्यातून वेगळा काढायचीस. बाबा नव्हते, घरी मला बघायला कुणी नव्हतं, म्हणून सोबत न्यायचीस. लेकरं आत दिसली तर उद्यापासून येऊ नका, असा मुकादमाचा दम होता. त्यामुळे तो फेरीला आला की सगळ्या बाया आपापली पोरं कापसात लपवायच्या, आणि आम्ही पोरंही इतकी तयार झालो होतो की शिंक आली तरी दाबून टाकायचो. मला त्यात मोठेपणा वाटायचा. तू सगळ्यांना सांगायचीस, माझी पोरगी हूं का चूं करत नाही. त्या दिवशीही तू मला भिंतीच्या कोपऱ्यात बसवतेस, वर दोन कवळे कापूस टाकतेस. "मी हाक मारल्याबिगर भायेर येऊ नको." मी बसते. कापसात बसलं की बाहेरचं सगळं लांबून येतं. मुकादम ओरडतो आहे, पण तो तर रोजच ओरडतो. बाया ओरडतात, पायांचा धपधप आवाज होतो, मग जळका वास येतो. काहीतरी वाईट झालंय हे मला कळतं. पण तू हाक मारलेली नाही. म्हणून मी फ्रॉकचं टोक तोंडात धरून बसून राहते.

गर्दीनं तुला फाटकाबाहेर ढकललं होतं. तू परत आत आलीस, हे मला नंतर दुसऱ्या बायांकडून कळलं. मला फक्त तुझी हाक आठवते आणि मी वर पाहिलं तेव्हा ढिगाच्या माथ्यावरून सरसर पळणारी आग. तू आत हात घातलास आणि मला रोपासारखं उपटून काढलंस. तुझा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. संध्याकाळी त्याला फडकं गुंडाळून तू मला बाजारात नेलंस आणि गरम मावा जिलेबी घेऊन दिलीस. आपल्या घरी ती दिवाळीलाही येत नव्हती. "खाय," म्हणालीस, "आन कोनी इचारलं तर सांग, मी घरी होती म्हणून. नाहीतर माझं काम जाईन." मी खाल्ली. हातावरचं विचारणाऱ्यांना तू चुलीचं सांगितलंस. मी आजतागायत मावा जिलेबी खात नाही, आणि बुऱ्हाणपुरात राहून ती न खाणाऱ्या माणसाला लोक काय काय बोलतात ते तुला माहीत आहे.

त्यानंतर मी बोलेनाशी झाले. त्याच वर्षी आमची मराठी शाळा पलीकडच्या हिंदी शाळेत विलीन केली. भिंतीला नवा रंग, त्यावर मोठ्या अक्षरात 'हम सब एक हैं', आणि आत आम्ही मराठीची मुलं वेगळ्या सतरंजीवर. मी तोंड उघडत नाही हे बघून बहनजी म्हणाल्या, "हिंदी नहीं आती बेचारी को." गल्लीतल्या बाया म्हणाल्या, हिंदीच्या शाळेत पोरगी बुजली. सगळ्यांना कारण सापडलं आणि कुणी पुढे विचारलं नाही. तू मात्र ओळखून होतीस की हा धसका आहे. धसक्यावर आपल्याकडे जे करतात ते तू केलंस. विळा चुलीत लाल होईपर्यंत ठेवायचा, तांब्यातल्या पाण्यात बुडवायचा आणि ते पाणी लेकराला पाजायचं. आगीला भ्यालेल्या पोरीच्या तोंडासमोर, माय, तू लालबुंद विळा धरायचीस. चर्र आवाज व्हायचा आणि माझी चड्डी ओली व्हायची. "पी, भेव निंघून जाईन." मी प्यायचे. तू मला पुसायचीस, पोटाशी घ्यायचीस, माझ्या केसांत तोंड खुपसून रडायचीस, आणि पुढच्या अमावास्येला पुन्हा विळा तापत घालायचीस. हे मॅडमना सांगताना मला हसू फुटलं, ते आवरेना, आणि मग त्याचं रडू कधी झालं ते कळलं नाही.

हे सगळं आधी मी हिंदीत सांगत होते. छान सांगत होते, वर्गात धडा समजावून द्यावा तसं. मॅडम म्हणाल्या, "घर में जो बोलती हैं, उसी में बोलिए. मुझे आधा ही समझ में आएगा, चलेगा." तशी बोलायला लागले आणि दुसऱ्याच वाक्याला फोन पालथा घालून बसले. फायदा झालाय, नाही असं नाही. परवा शाळेत पुन्हा धूर आला. मी खुर्चीचे हात घट्ट धरले, जमिनीवर पाय दाबले आणि मुलांना पाढे म्हणायला लावले. पाढे संपले तरी मी खुर्चीतच होते. ही माझ्यासाठी लहान गोष्ट नाही. पण झोप अजून येत नाही, आणि ती का येत नाही ते मला माहीत आहे.

मला तुझा राग येतो. एवढं लिहून मी उठले, दारापुढच्या ओट्यावर जाऊन उभी राहिले, शेजारणीशी उगाच भाजीचं बोलले आणि परत आले. राग येतो की तू मला तिथे बसवलंस. त्याहून जास्त येतो तो याचा, की तू मला एकदाही म्हणाली नाहीस, चुकलं वं माझं. म्हणाली असतीस तर मी लगेच म्हटलं असतं, जाऊ दे. तू त्या भाजलेल्या हातानं भाकरी थापत राहिलीस, आणि ज्या हातानं मला ओढून काढलं त्याच्यावर चिडायचं कसं, हे मला आजवर कुणी शिकवलं नाही. मॅडमशी खोटं बोलले तेही त्यामुळेच. कसली आई ही, असं क्षणभर जरी त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं असतं, तरी मी फोन बंद करून टाकला असता आणि पुन्हा कधी लावला नसता.

उद्या मी सांगणार आहे. तू एकटी होतीस, काम गेलं असतं तर आपण उपाशी मेलो असतो, हे सगळं नंतर सांगेन. आधी सांगणार की मायनं मला तिथे बसवलं होतं. मग त्यांच्या चेहऱ्याकडे बघणार. काय दिसायचं ते दिसो. हा कागद मी कुठे पाठवणार नाही, पाठवायला पत्ताच नाही. तुझी परवानगी मागायला मी हे लिहीत नाहीये, असं शेवटी लिहायचं मी सकाळीच ठरवलं होतं. पण मागायलाच बसले आहे. आणि तू नको म्हणालीस तर, माय, मी अजूनही ऐकेन.