कॉफी खरी होती

आदरणीय अदलाताई,

तुझ्या दोन्ही हातांना ओठ लावून नमस्कार. तिकडे सँटियागोत आता ऊन पडायला लागलं असेल, तुझे गुडघे जरा हलके झाले असतील अशी आशा. मेहुण्यांची साखर काय म्हणते? इकडे गावी, बेत जालात, सगळं ठीक, म्हणजे कुणी आजारी नाही, एवढंच. ऑलिव्ह बरे आलेत, पण तोडणीत मन कुठलं लागायला! तुझ्या भाचीच्या सिनेमानं माझं डोकं फिरवलंय.

रुलाच्या सिनेमाची गोष्ट अशी : आपल्या रीतीप्रमाणे वडीलधारी मंडळी मागणी घालायला येतात, कॉफी पुढ्यात घेतात, होकार मिळेपर्यंत कपाला ओठ लावत नाहीत, आणि मुलगी सर्वांदेखत 'नाही' म्हणते. कॉफी गार, सिनेमा खलास. (याला म्हणे बक्षिसं मिळतात.) शूटिंग आपल्याच दिवाणखान्यात. मुलीचं काम करणारी नटी नेहमीप्रमाणे सैनिकांच्या तपासणी नाक्यावर अडकली, म्हणून रुला स्वतःच बसली. बाप मी (फुकटात मिळतो म्हणून), नवरा मुलगा औषधवाल्यांचा वदीअ, आणि मंडळींचे म्होरके अबू अंतून. त्यांनी निम्म्या गावाची लग्नं जुळवलीत आणि आजवर कुठल्याही घरातून ते कॉफी गार करून उठलेले नाहीत. रुला म्हणाली, "बाबा, कप रिकामेच ठेवू." माझ्या घरात पाहुण्यांपुढे रिकामे कप? नाक कापलं जाईल! मी वेलची घालून खरी कॉफी केली. इथेच माती खाल्ली.

अबू अंतूननी भाषण असं ठोकलं (आपल्या बाबांचं नाव काय, आजोबांची विहीर काय!) की माझे डोळे भरून आले. मला म्हणायचं होतं, 'मुलीला विचारतो.' तोंडातून निघालं, 'मुलगी तुमचीच. घ्या, कॉफी घ्या!' सकाळपासून ताटकळलेल्या मंडळींनी कप एका दमात रिकामे केले. आतून बायकांनी आनंदाची ललकारी दिली. दुसऱ्या दिवशी वदीअची आई मिठाईचं तबक घेऊन दारात हजर. मी अबू अंतूनकडे धावलो, म्हटलं, अहो, सिनेमा होता तो! तर म्हणतात, "सिनेमा खोटा असेल, कॉफी खरी होती. आता शब्द फिरवलास तर या वयात मी तोंड कुठे दाखवू?" वदीअला विचारलं, तर तो गरीब गाय : "काका, आई म्हणेल तसं." आणि रुला माझ्याशी बोलायची बंद झालीय. एवढंच म्हणाली, "खोट्या लग्नातसुद्धा तुम्ही मला विचारलं नाहीत." खरं तर अशा उलट बोलण्यावर मी रागवायला हवं होतं, पण मला लाजच वाटली.

तुझा वैतागलेला भाऊ,
इस्कंदर

ता.क. : खरं काम राहिलंच. दिलेला शब्द घरातलं थोरलं माणूसच मोडू शकतं, असं अबू अंतून म्हणतात. थोरली तू. त्यांना फोन करून खडसाव, 'मला न विचारता कॉफी प्यायलातच कशी?' म्हणून. मलाही चार शिव्या घाल, त्यांना बरं वाटेल.

ता.क. : काल रुलानं तो प्रसंग मला पडद्यावर दाखवला. आम्ही सगळे कपांकडे बघतोय आणि मागे ती 'नाही' म्हणतेय. अगदी स्पष्ट. दोनदा. तेव्हा मला ऐकूच आलं नव्हतं.

ता.क. : तुझ्या वेळीही याच दिवाणखान्यात सगळे कॉफी प्यायले होते. ताई, तू तेव्हा काही म्हणाली होतीस का?